वळूचें बीज व उलटणाऱ्या गाई

मृगाचा पाऊस पडून धुऱ्याबांधावर हिरवें गवत उगवलें कीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत गाई माजावर येऊं लागतात, आणि त्यामागोमाग "गाय उलटली" ही तक्रारही घरोघरीं ऐकूं येते. गाय वळूस दाखविली, वळूनें आपलें काम चोख केलें, आणि एकविसाव्या दिवशीं गाय पुन्हां हंबरूं लागली, असा अनुभव ज्यास आला नाहीं असा गोधन बाळगणारा शेतकरी वणीपासून उमरखेडपर्यंत विरळाच सांपडेल. अशा वेळीं सर्व दोष गाईच्या माथीं मारण्याची आपली जुनी रीत आहे. प्रस्तुत लेखकानेंही एका पावसाळ्यांत तीन वेळां उलटलेली आपली गाय वांझ समजून तिला बाजार दाखविला. ती ज्यानें घेतली त्याच्या घरीं ती दुसऱ्या वळूपासून पहिल्याच खेपेस गाभण राहिली, व आम्ही हात चोळीत बसलों. आमच्या गांवचा वळू दिसावयास धष्टपुष्ट, डुरकी फोडली कीं दुसऱ्या शिवारांत ऐकूं जावी असा, आणि गाईवर जाण्यास अत्यंत उत्सुक होता. म्हणूनच त्याच्याविषयीं कोणास शंका आली नाहीं.

वळू उत्सुक असावा आणि तरी त्याचें बीज निकामी असावें, हें कसें संभवतें? याचें उत्तर त्याच्या वृषणाच्या आंतील रचनेंत आहे, व ती रचना सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून दिसत नाहीं. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे असें कोणी म्हणतील. परंतु सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून त्यांतील किती उगवतात हें पाहिल्यावांचून आपण पेरणी करीत नाहीं. मग ज्या बीजावर गोठ्याची पुढची पिढी अवलंबून आहे त्याची चौकशी करण्यांत संकोच कसला?

बोकड कापणाराकडून एक वृषण मागून आणून तो धारदार पात्यानें उभा चिरून पाहावा, म्हणजे पुढील वर्णन समजण्यास सोपें जाईल. वळूचा वृषण आकारानें मोठा असला तरी बांधणी तीच. बाहेरून एक पांढरें, चिवट आवरण लागतें. तें कापतांच आंतील पिवळसर मऊ गीर फुगून वर येतो. यावरून तो आंत किती दाबून भरलेला असतो हें कळतें. सुईच्या टोंकानें हा गीर हलकेच उचलल्यास त्यांतून रेशमासारखे बारीक धागे ओढले जातात. हे धागे नव्हेत, पोकळ नळ्या आहेत. नळीची जाडी सुमारें पाव मिलिमीटर. परंतु पूर्ण वाढ झालेल्या वळूच्या दोन्ही वृषणांतील नळ्या एकापुढें एक मांडल्या तर त्या चार-पांच किलोमीटर, म्हणजे सुमारें दीड कोस भरतील. हीं वेटोळीं हॉलंडमधील रेनिए द ग्राफ यानें 1668 सालीं वर्णिलीं. आणि 1677 मध्यें त्याच देशांतील अँटनी व्हान लेव्हनहुक या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घासून केलेल्या भिंगांतून शेपटी हलवीत धांवणारे शुक्रजंतु पाहिले.

आतां या नळीचा, केंसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असा आडवा काप काढून, त्यास रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवूं. बांगडीसारखें एक वर्तुळ दिसतें. त्याच्या भिंतीस आंतून चिकटून पेशींच्या अनेक ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. अगदीं बाहेरची ओळ ही मूळ बीजपेशींची. या पेशी विभागून आपल्यासारख्याच आणखी पेशी निर्माण करतात. त्यांतील कांहीं मूळ जागीं बियाण्यासारख्या राखून ठेविल्या जातात व बाकीच्या आंतल्या बाजूस सरकतात. दुसऱ्या ओळींतील पेशी मोठ्या व ठळक असतात, आणि येथेंच सर्वांत नाजूक काम होतें. गोवंशाच्या शरीरांतील प्रत्येक पेशींत 60 गुणसूत्रें असतात. या ओळींत दोन वेळां विभाग होऊन त्यांचीं 30 होतात, म्हणजे वळूकडून निम्मीं व गाईकडून निम्मीं मिळून वासराचीं पुन्हां 60 भरावींत. वासरूं गोऱ्हा होणार कीं कालवड हेंही याच विभागांत, म्हणजे वळूच्या बाजूस ठरतें. गाईचा त्यांत कांहीं हात नसतो. (माणसांतही नियम हाच आहे, आणि मुलीच होतात म्हणून सुनेस बोलणाऱ्या घरांतून तो मोठ्यानें वाचून दाखविण्यास हरकत नाहीं.) तिसऱ्या ओळींत लहान, वाटोळ्या पेशी दिसतात. त्या आतां विभागत नाहींत; त्यांचें फक्त रूप पालटतें. डोकें चपटें होतें, शेपूट फुटतें, शेपटाच्या बुडाशीं तें हलविणारें यंत्र वेटोळ्यानें गुंडाळलें जातें, आणि तयार शुक्रजंतु नळीच्या मधल्या पोकळींत सुटतो.

सर्व नळ्यांत एकाच वेळीं एकच अवस्था असती तर वळूनें एकदां बीज देऊन मग दोन महिने वाट पाहावी लागती. तसें होत नाहीं. भाद्रपदाच्या अखेरीस आपल्या पऱ्हाटीकडे पाहावें: एकाच झाडावर खालीं बोंड भरलें आहे, मध्यें फूल आहे व शेंड्याला पातें लागत आहे. नळीच्या लांबीवरही अशाच निरनिराळ्या अवस्था शेजारींशेजारीं चाललेल्या असतात, म्हणून वेंचणी अखंड चालते. वृषणाच्या एका ग्रॅम वजनामागें दररोज सुमारें एक कोट शुक्रजंतु तयार होतात. चांगल्या वळूच्या दोन्ही वृषणांचें वजन चार-पांचशे ग्रॅम धरलें तर माणसाची पापणी लवते तेवढ्यांत कांहीं हजार जंतु निपजले असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

परंतु उत्पन्न अखंड असलें तरी प्रत्येक जंतूस तयार होण्यास लागणारा काळ ठराविक आहे. मूळ पेशी विभागूं लागल्यापासून जंतु नळींत सुटेपर्यंत वळूमध्यें 61 दिवस लागतात. तेथून तो अधिवृषणांत, म्हणजे वृषणाच्या कडेस चिकटलेल्या व तीस मीटरांहून लांब असलेल्या एकाच गुंडाळलेल्या नळींत शिरतो. तिच्यांतून जातांना आठ-दहा दिवस मोडतात व त्या अवधींत त्यास पोहण्याची व अंड फळविण्याची शक्ति येते. एकंदर सत्तर दिवस. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

त्याच कापांत पेशींच्या ओळींमधून, भिंतीपासून थेट मध्यापर्यंत, खांबासारख्या उभ्या मोठ्या पेशी दिसतात. 1865 सालीं एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञानें त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांस सर्टोली पेशी म्हणतात. हा गृहस्थ पुढें मिलान येथील पशुवैद्यक विद्यालयांत अध्यापक झाला. या पेशी दाईचें काम करतात. वाढत्या शुक्रपेशींस त्या अन्न पुरवितात, निकामी झालेल्या गिळून टाकतात, आणि एकमेकींस घट्ट धरून असा बांध घालतात कीं रक्तांतील नको ते पदार्थ सहसा आंत शिरूं नयेत. एक दाई मोजक्याच पिलांस पोसूं शकते. आणि या दायांची संख्या वळू वयांत आल्यावर वाढत नाहीं, ती वासराच्या पहिल्या कांहीं महिन्यांतच ठरून जाते. येथें आपली एक मोठी चूक उघडी पडते. ज्या गोऱ्ह्यास पुढें वळू म्हणून ठेवावयाचें, त्यास पहिल्या सहा-आठ महिन्यांत आपण धार काढून उरलेल्या थेंबांवर ठेवतों, आणि तो दोन वर्षांचा झाल्यावर खुराक सुरू करतों. त्या खुराकानें अंगावर मांस चढतें, पण वासरूपणीं कमी पडलेल्या दाया त्यानें परत येत नाहींत.

नळ्यांचें वर्णन येथवर झालें. आतां दोन नळ्यांच्या मधल्या फटीकडे पाहावें. तेथें रक्तवाहिन्यांच्या शेजारीं कांहीं पेशींचे पुंजके दिसतात. फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञानें 1850 मध्यें ते दाखविले. या लायडिग पेशी बीज तयार करीत नाहींत. त्या टेस्टोस्टेरोन नांवाचा रस थेट रक्तांत सोडतात. गोऱ्ह्याची मान जाड होणें, वशिंड भरणें, डुरकणें, झुंजणें व गाईमागें लागणें हीं सर्व या रसाचीं कामें. पेशींचा पत्ता लागण्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे 1849 सालीं, गॉटिंगेन येथील बर्टोल्ड यानें सहा कोंबड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यानें त्यांचे वृषण काढले. ज्यांच्या पोटांत एक वृषण पुन्हां नुसता ठेवून दिला ते वाढून आरवूं व झुंजूं लागले, त्यांचे तुरे लाल झाले. ज्यांस कांहींच परत मिळालें नाहीं ते खच्ची राहिले. वृषणाचा मूळचा मज्जातंतूंशीं संबंध तुटलेला असतांनाही काम झालें, तेव्हां तें रक्तावाटेंच झालें असलें पाहिजे, हें त्यावरून दिसून आलें.

वृषणाचे हे दोन धंदे एकाच घरांत चालत असले तरी त्यांचे कारागीर वेगळे आहेत, आणि एकाचें दुकान बंद पडलें म्हणून दुसऱ्याचें पडतेंच असें नाहीं. ज्या गोऱ्ह्याचे दोन्ही वृषण पोटांतून खालीं उतरलेच नाहींत, तो वयांत आल्यावर गाईवर बेलाशक उडी घेतो. त्याच्या लायडिग पेशी जाग्या असतात, मात्र नळ्या ओस असतात. त्याचा माज खरा, बीज नाहीं. आमच्या गांवच्या वळूनें आम्हांस फसविलें तें याच वाटेनें. पोटांतील वृषणाच्या नळ्या ओस कां पडतात? तेथें उष्णता अधिक असते, एवढेंच कारण.

वळूच्या शरीराची उष्णता साडेअडतीस अंशांच्या आसपास असते. बीज नीट तयार होण्यासाठीं वृषण त्याहून दोन ते सहा अंश थंड असावा लागतो. याचसाठीं निसर्गानें तो पोटाबाहेर टांगला आहे. कोशाची कातडी पातळ, जवळ जवळ बिनकेसाळ व घर्मपिंडांनीं भरलेली असते. थंडींत कोश आखडून वृषण पोटाजवळ ओढला जातो, उन्हाळ्यांत तो सैल लोंबतो. सर्वांत चतुर योजना वरच्या देठांत आहे. वृषणाकडे येणारी रक्तवाहिनी तेथें वेटोळीं घेते व परत जाणाऱ्या बारीक शिरांचें जाळें तिला वेढून असतें. उतरणाऱ्या ऊन रक्तांतील उष्णता चढणारें थंड रक्त वाटेंतच काढून घेतें. हा देठ आपल्या वशिंडाच्या देशी जातींत युरोपीय जातींपेक्षां अधिक चांगल्या बांधणीचा असतो, असें मोजणीवरून दिसून आलें आहे. म्हणून उन्हाचा मारा उमरडा किंवा गवळाऊ वळूपेक्षां जर्सी-होल्स्टीनच्या संकरित वळूस फार लवकर बाधतो.

आणि ऊन तर आपल्याकडे वैशाखांत 44-45 अंशांपर्यंत जातें. टिनाच्या छपराखालीं दुपारीं बांधलेल्या वळूची काय गत होत असेल हें ज्यानें त्यानें तेथें घटकाभर उभें राहून पाहावें. गंमत अशी कीं या उन्हाचा परिणाम त्याच वेळीं दिसत नाहीं. शास्त्रज्ञांनीं वळूच्या कोशास कांहीं दिवस उबदार वेष्टण बांधून प्रयोग केले आहेत. वेष्टण असतांना बीज चांगलेंच निघत राहिलें, कारण तें अधिवृषणांत आधींच साठलेलें होतें. बिघाड दिसूं लागला तो सुमारें दोन आठवड्यांनीं, आणि वेष्टण सोडल्यावरही तो कित्येक आठवडे टिकला. कारण उष्णतेनें मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या ओळींतल्या अर्धवट पेशी होरपळतात, आणि त्यांची पाळी मागाहून येते. बाहेरच्या ओळींतील मूळ पेशी मात्र बहुधा तग धरतात, म्हणून वळू कायमचा वाया जात नाहीं.

आतां सत्तर दिवसांचा हिशेब करावा. मृग निघतो जूनच्या 7-8 तारखेस. त्या दिवशीं ऊन सरलें असें धरलें तरी संपूर्णपणें गारव्यांत तयार झालेलें बीज ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे पोळा जवळ आला असतां, मिळूं लागतें. त्यापूर्वीं, आषाढांत, जेव्हां हिरव्या चाऱ्यानें तरतरीत झालेल्या गाई एकामागून एक माजावर येतात, तेव्हां वळू देत असतो तें वैशाखांत भाजलेलें बीज. हवा गार, वळू ताजातवाना, गाय माजावर, आणि तरी ती उलटते. मग भगतास विचारण्याची पाळी येते! तापाचेंही असेंच आहे. तिवा, लाळ्या-खुरकत, किंवा 2022 सालीं महाराष्ट्रभर पसरलेला लम्पी, यांपैकीं कशानेंही वळूस चार दिवस सडकून ताप आला तर पुढील दोन-अडीच महिने त्याच्या बीजाचा भरंवसा धरूं नये.

उपाय खर्चाचे नाहींत. चैत्रापासूनच वळूस कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलींत बांधावें. टिनाच्या छपरावर गवताचा जाड थर घालून तो ओला ठेवावा. पाणी पुढ्यांत सदैव असावें. उन्हांत त्यास गाडीस किंवा वखरास जुंपूं नये. गाय दाखवावयाची ती पहाटे.

आपल्या जिल्ह्याच्या वळूस ऊन पुरेसें नव्हतें म्हणून कीं काय, त्यास दुसरा एक त्रास आपण हौसेनें देतों. तो म्हणजे सरकी. कापसाचा मुलूख, जिनांतून निघालेली सरकी व ढेप हाताशीं, आणि वळू डोळ्यांत भरावा ही इच्छा. तेव्हां त्याच्या गव्हाणींत सरकीची खैरात होते. सरकीचा एक दाणा चिरून त्याचा मगज भिंगाखालीं धरावा: त्यावर काळपट बारीक ठिपके दिसतील. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नांवाचें पिवळें विष असतें. कपाशीचें झाड किडीपासून स्वतःचें रक्षण करण्यासाठीं तें करतें. चीनमध्यें कच्चें सरकीचें तेल स्वयंपाकांत वापरणाऱ्या खेड्यांतून मुलें होईनाशीं झालीं, तेव्हां विसाव्या शतकाच्या मध्यास या विषाचा पुरुषबीजाशीं असलेला संबंध लक्षांत आला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत बरेंचसें गॉसिपॉल बांधलें जाऊन निरुपद्रवी होतें, म्हणून गाय किंवा बैल सरकी पचवितो. बैलास तर गमावण्यासारखें बीजच नाहीं. परंतु वळूस रोज भरपूर सरकी घातली तर विषाचा कांहीं अंश नळ्यांपर्यंत पोंचतो, व शुक्रजंतूच्या शेपटाच्या बुडाशीं असलेलें जें यंत्र वर सांगितलें तेंच नेमकें अर्धवट गुंडाळलें जातें. जंतु दिसतो, पण पोहत नाहीं. पशिंग्या वासरांच्या पोटांत तर ही बांधाबांधी होतच नाहीं, म्हणून त्यांस सरकी मुळींच देऊं नये. तापवून, दाबून तेल काढलेल्या ढेपेंत मोकळें गॉसिपॉल कच्च्या सरकीपेक्षां कमी असतें. तरी वळूस तीही बेतानेंच द्यावी. सोयाबीनची किंवा जवसाची ढेप, तुरीची चुनी व हिरवा चारा हा खुराक त्याला पुरेसा आहे. हिरव्या चाऱ्यांतील ई जीवनसत्त्व या विषाचा जोर कांहींसा मोडतें. सरकी बंद केल्यावर बीज सुधारतें, मात्र त्यासही तेच दोन-अडीच महिने लागतात. आमच्या वळूचा मालक आमचा शेजारी. सरकी त्याच्या गव्हाणींत मीच पायलीनें पोंचविली होती, हें कबूल केलें पाहिजे.

याचा अर्थ गाईचा दोष कधींच नसतो असा नव्हे. ओळखण्याची रीत सोपी आहे. एकाच वळूस दाखविलेल्या पांच-सहा गाईंपैकीं एखादी उलटली तर त्या गाईस तपासावें. चार उलटल्या तर वळूस. यासाठीं दाखविल्याची तारीख वहींत टिपून ठेवावी लागते, आणि ही वही वळूच्या मालकानें ठेवणें अधिक बरें. संशय आल्यास पशुवैद्याकडून बीज सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घ्यावें. त्याच वेळीं रक्ताची ब्रुसेला रोगाची परीक्षाही करावी, कारण या रोगानें वृषण सुजून नासतात, गाई गाभडतात, व तो माणसासही जडतो. वळू नादुरुस्त ठरला तर हंगाम फुकट घालविण्याचें कारण नाहीं. पुणें, नागपूर व हर्सूल येथील सरकारी प्रयोगशाळांत तपासलेलें बीज उणे 196 अंशांवर गोठवून ठेवतात. त्याच्या एका बारीक नळींत सुमारें दोन कोट शुक्रजंतु असतात, आणि त्यांवर आपल्या वैशाखाचा कांहीं इलाज चालत नाहीं.

शेवटीं गोऱ्ह्याच्या निवडीविषयीं. उत्तम गोऱ्हा दिसला कीं पोळ्याला मिरवावयास जोडी व्हावी म्हणून आपण तो खच्ची करतों, आणि जो कोणास नको तो मोकळा राहून गांवचा वळू होतो. वर्षानुवर्षें हीच उलटी निवड चालली आहे. पूर्वीं ठेचून बडवीत. आतां पशुवैद्य बर्डिझो चिमट्यानें कातडी न फाडतां देठांतील रक्तवाहिनी दाबून तोडतात व रक्तावांचून वृषण हळूहळू सुकतो. रीत सुधारली, पण चिमटा कोणास लावावा हें ठरविण्यापूर्वीं कोश मोजण्याची रीत अजून पडली नाहीं. दोन्ही वृषण हलक्या हातानें तळाशीं आणून, सर्वांत रुंद जागीं शिंप्याची फीत गुंडाळून घेर घ्यावा, व तो त्याच जातीच्या, त्याच वयाच्या इतर गोऱ्ह्यांशीं ताडून पाहावा. घेर मोठा तर नळ्या अधिक. हा गुण बऱ्याच अंशीं वंशांत उतरतो, आणि अशा वळूच्या कालवडी माजावरही लवकर येतात. दोन्ही वृषण सारखे, हातास घट्ट पण लवचिक लागले पाहिजेत. एक लहान किंवा दगडासारखा कठीण असेल तर तो गोऱ्हा नांगरासच बरा. मोजणी कडाक्याच्या थंडींत पहाटे करूं नये. त्या वेळीं कोश आखडलेला असतो व फीत खोटें सांगते.